ओचानोमिझुच्या जुन्या क्लासिकल गिटारी: आधी सॅडल बघा, मग लेबल

टोकियोत जुनी क्लासिकल गिटार घ्यायची तर ओचानोमिझुला जावं, यात वाद नाही. निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर ते सोपंच आहे. तोझाई लाइननं ओतेमाचीला यायचं, तिथं बदलून चियोदा लाइननं शिन-ओचानोमिझु, आणि जिना चढून वर आलं की मेइजी विद्यापीठाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाद्यांचीच दुकानं. तळमजल्यावर इलेक्ट्रिक गिटारी आणि त्या वाजवून बघणारी कॉलेजची पोरं. क्लासिकल बघायला वरच्या मजल्यावर जावं लागतं. तिथं गर्दी नसते, एसी बेताचा असतो आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारा काटा असतो. काटा नसेल तर त्या दुकानात फार वेळ घालवू नका.

माझ्या सांगलीच्या मित्राची मुलगी ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेतल्या वरच्या ग्रेडची तयारी करतेय. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, की या प्लायवूडच्या गिटारवर आता पुढं सरकणार नाही. मित्राचा लगेच फोन. "लेका, तू तिथंच बसलायस, बघ की एखादी जुनी कॉन्सर्ट गिटार. जपानी माणूस वस्तू जपून वापरतो म्हणतात." बजेट तीन लाख येन, गिटार ठेवायच्या पेटीसकट. मी स्वतः हौशी वाजवणारा. पण बालपण मिरजेत सतारमेकरांच्या शेजारात गेलं, त्यामुळं वाद्य हातात आलं की आधी उलटं करून बघायची खोड आहे. ती इथं कामाला आली.

"जपून वापरतो" हे अर्धंच खरं आहे. जपानमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत क्लासिकल गिटारची मोठी लाट होती. थोर स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया पहिल्यांदा जपानला आले १९२९ साली, म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. युद्धानंतर हातात पैसा आला तशी घरोघरी गिटार आली. त्यातल्या कितीतरी गिटारी दोन-चार वर्षं वाजल्या आणि मग ओशीइरेत, म्हणजे गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात, गेल्या. आता ती पिढी घरं आवरतेय, आणि गिटारी दुकानात येतायत. वरून बघाल तर नव्यासारख्या. पण चाळीस वर्षं तारा ताणलेल्या ठेवून बंद कपाटात उभ्या राहिलेल्या गिटारीच्या नेकचं, म्हणजे दांडीचं, काय झालं असेल, ते चकाकीवरून कळत नाही. उलट नखांचे ओरखडे पडलेली, रोज वाजलेली गिटार बऱ्याचदा जास्त ठणठणीत निघते, कारण तिचा मालक तिच्याकडं बघत होता.

म्हणून पट्टी. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची पोलादी पट्टी, एक दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. एवढंच सामान लागतं. दुकानदाराला आधी विचारायचं. वाजवून बघण्याला इथं "शिसो" म्हणतात. तो शब्द उच्चारला की माणूस स्वतः गिटार खाली काढतो, सुरात लावतो, पायाखालचं स्टूल आणून देतो आणि बाजूला होतो. त्याआधी घड्याळ काढायचं, जॅकेटची झिप आणि पट्ट्याचं बक्कल बघायचं. तुम्ही हे न सांगता केलंत की त्याचा चेहरा सैल पडतो, आणि मग आरसा आत घालायला परवानगी मिळते.

पहिलं माप बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहाव्या, सगळ्यात जाड तारेला साधारण ४ मिमी आणि पहिल्या, सगळ्यात बारीक तारेला ३ मिमी असेल तर ठीक. याला इथं "गेनको" म्हणतात आणि चांगल्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीवरच तो आकडा लिहिलेला असतो. बहुतेक गिऱ्हाइकं तो वाचून खूश होतात. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. तो ४ मिमी मिळवायला सॅडल, म्हणजे ब्रिजवरची (आपल्या घोडीवरची) तारा टेकायची हाडाची पट्टी, किती घासलंय? ब्रिजच्या लाकडावर सॅडलचं हाड किती वर आलंय ते मोजा. अडीच-तीन मिलिमीटर शिल्लक असेल तर गिटारीला अजून आयुष्य आहे. एखादाच मिलिमीटर उरला असेल आणि तरी तारा उंच असतील, तर चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, गिटार खाली ठेवा.

याचं कारण साधं गणित आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळं तिथं तार १ मिमी उतरवायची तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. हाडच उरलं नसेल तर घासणार काय? स्टीलच्या तारांच्या गिटारीचं नेक काढून कोन दुरुस्त करून परत बसवता येतं. स्पॅनिश पद्धतीच्या क्लासिकल गिटारीत बाजूच्या फळ्या नेकच्या बुडातच खाचेत बसवलेल्या असतात, नेक आणि गिटारीचं धड एकजीव. ते काढणं म्हणजे निम्मी गिटार पुन्हा बांधणं. मग उरतो उपाय फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली दांडीवरची फळी, रंधून नवे फ्रेट मारायचा, आणि त्याचा खर्च ऐकला की स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथंच संपतो. शिवाय सॅडल फार खाली गेलं की तार त्यावर नीट वाकत नाही, दाब कमी पडतो आणि आवाज पातळ होतो. तेव्हा आवाज आवडला नाही तर चालेल, तारा बदलून बघता येतील. भूमिती बिघडलेली असेल तर नको.

दुसरं माप नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं. त्याची दुप्पट म्हणजे स्केल, तारेची वाजणारी लांबी, मिलिमीटरमध्ये. ३२५ आलं तर ६५०, जी लांबी एकोणिसाव्या शतकात अंतोनियो दे तोरेसच्या गिटारींनी रूढ केली आणि आज सगळे प्रमाण मानतात. पण ७०च्या दशकातल्या गिटारींत ६५५, ६६०, ६६४ असं काहीही सापडतं. मुलीचा हात लहान, तेव्हा ६५०च्या वर जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

आता गिटारींकडं येतो.

सगळ्यात देखणी होती माद्रिदची रामिरेझ, "वन-ए" दर्जाची, ७०च्या दशकातली. होजे रामिरेझ तिसरे यांनी ६०च्या दशकाच्या मध्यात टॉपसाठी, म्हणजे पुढच्या फळीसाठी, स्प्रूसच्या लाकडाऐवजी सीडरचं वापरायला सुरुवात केली आणि स्केल ६६४ ठेवलं. सेगोव्हियांच्या हातात या गिटारी असायच्या, त्यामुळं नावाचं वजन वेगळं सांगायला नको. पहिल्या तारेचा आवाज तर असा जाड आणि गोल, की एकच स्वर धरून बसावंसं वाटतं. पण ६६४ म्हणजे ६६४. पहिल्या पोझिशनला ताणलेला बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायचा, धरला तेव्हा माझ्याच करंगळीनं तक्रार केली, सोळा वर्षांच्या मुलीचं काय घ्या. किंमत तर बजेटच्या दुपटीपलीकडं होती. मी ती अर्धा तास वाजवली ती निव्वळ स्वार्थापोटी. मोठ्या हाताच्या आणि मोठ्या खिशाच्या माणसानं जरूर बघावी. पुढच्या काळातल्या रामिरेझ ६५०मध्येही मिळतात, ते विचारून घ्यावं.

यामाहाची जीसी मालिका हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. मोटारसायकली आणि पियानोंवर दिसणाऱ्या नावाची गिटार म्हणून आपल्याकडं लोक नाक मुरडतात. ते चूक आहे. ७०च्या दशकातल्या वरच्या जीसी या हातानं बांधलेल्या, अस्सल लाकडाच्या गिटारी आहेत. मी पाहिलेली स्प्रूसची होती, दीड लाख येनच्या आत, सॅडल शाबूत, फ्रेट जवळजवळ कोरे. सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवत गेलो, एक स्वर कमी-जास्त नाही. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला याहून बिनधोक काही सुचवता येणार नाही. मला ती किंचित गप्प वाटली, एवढंच. तार कशीही छेडा, कितीही ब्रिजकडं सरका, रंग फारसा बदलत नाही. वाजवणाऱ्याला शिकवणारी गिटार असते तसली ही नाही. तरी बजेट कमी असतं तर डोळे झाकून हीच घेतली असती.

कोनोबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. मासारू कोनो (१९२६–१९९८) हे जपानी क्लासिकल गिटारींतलं सगळ्यात मोठं नाव. १९६० साली स्पेनला जाऊन माद्रिदच्या आर्कांजेल फर्नांदेझच्या कार्यशाळेत त्यांनी काम पाहिलं आणि १९६७ साली बेल्जियममधल्या लिएजच्या गिटार बांधणी स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्यांचे पुतणे मासाकी साकुराई यांनी पुढं १९८८ साली पॅरिसच्या स्पर्धेत तेच केलं. कोनोंच्या जुन्या गिटारींच्या लेबलवर नंबर असतो, ५, १०, १५, २०, ३० असा. त्या काळी हा नंबर म्हणजे दहा हजार येनच्या पटीतली किंमत. नंबर १० म्हणजे एक लाख, नंबर ३० म्हणजे तीन लाख. आज गिऱ्हाईक हे नंबर गुणपत्रिकेतल्या मार्कांसारखे वाचतं आणि नंबर ३०साठी झुंबड उडते. पण तो आकडा गिटार दुकानातून पहिल्यांदा बाहेर पडली त्या दिवसाचा आहे. त्यानंतर तिच्यावर पन्नास हिवाळे गेलेत.

मी पाहिलेली कोनो होती नंबर १०, ७०च्या दशकाच्या सुरुवातीची. स्प्रूसचा टॉप मधासारखा पिवळा पडलेला, साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, खालच्या अंगाला नखांचे ओरखडे, मागची पाठ आणि बाजू शिसवीच्या. हो, आपलीच शिसवी, जिचे पाट आणि देव्हारे आजोळी असायचे. गिटारवाले तिला इंडियन रोजवूड म्हणतात. फिंगरबोर्डच्या उजव्या कडेला समांतर, टॉपवर, चार बोटं लांबीची एक चीर. दुकानदारानं स्वतःहून बोट ठेवून दाखवली आणि चिठ्ठीवरही "चीर, दुरुस्त केलेली" असं लिहिलं होतं. या जागची चीर जुन्या गिटारींत नेहमीची आहे. फिंगरबोर्डचं आबनूस आणि टॉपचं स्प्रूस कोरड्या हवेत एकाच मापानं आकसत नाहीत, आणि मऊ लाकूड त्या कडेला उलतं. टोकियोच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीची हवा पापडासारखी असते, तिथं ज्याची काळजी घेतली नाही त्याची चीर ठरलेली.

आरसा आत घातला. चिरेखाली आतून तीन छोट्या चौकोनी चकत्या, लाकडाचे रेषे टॉपच्या रेषांना आडवे, कडा घासून निमुळत्या केलेल्या, बाहेर ओघळलेला डिंक कुठंच नाही. ज्यानं हे काम केलंय तो माणूस कारागीर होता. बोटाच्या पेरानं टॉपवर चिरेच्या दोन्ही अंगांना ठक ठक केलं, आवाज सारखा. टॉपला आतून पंख्यासारख्या चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांपैकी एखादी सुटली असेल तर ठोकल्यावर बारीक खरखर येते, तीही नाही. बाराव्या फ्रेटवर ४.१ आणि ३. सॅडल ब्रिजच्या वर पुरतं ३ मिमी. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधली फट पाहिली, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी झेरॉक्सचे दोन-तीन कागद जेमतेम सरकतील एवढी. असंच हवं. दोष म्हणाल तर दुसऱ्या तारेखाली पहिल्या तीन फ्रेटवर खळगे पडलेत. मागच्या मालकाची आवडती गाणी तिथंच होती म्हणायची.

या सगळ्यानंतर वाजवायला घेतली. जुन्या गिटारीवर बऱ्याचदा तारा मेलेल्या असतात, विशेषतः खालच्या तीन. त्यांच्यावरून बासचा निकाल लावू नये. नायलॉनच्या वरच्या तीन मात्र बरंच काही सांगतात. मी पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर वाजवून तो किती वेळ टिकतो ते ऐकतो, मग सहाव्या तारेवर दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटच्या आसपास, कारण गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा स्वर बहुधा तिथं कुठंतरी असतो आणि एखादा स्वर तिथं अंगावर धावून येतो. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर, आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर जुळतात का ते. झणझण आली तर कुठून येते ते शोधायचं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर कानस फिरवून जी गुंजन मुद्दाम आणतो, ती इथं दोषात जमा होते. माझ्या कानाला ती गोडच लागते, त्यामुळं या बाबतीत मी स्वतःवर विसंबत नाही, बायकोला घेऊन जातो.

बायको किराणा घराण्याची गायकी शिकलेली. गिटारीतलं तिला काही कळत नाही असं ती म्हणते. वरच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी, पाठ करून तिला उभं केलं आणि एकच तुकडा कोनोवर, यामाहावर आणि त्याच दुकानातल्या एका नव्या, महागड्या गिटारीवर वाजवला. क्रम सांगितला नाही. नव्या गिटारीचा आवाज माझ्या मांडीवर इतका मोठा होता, की मला निकाल लागल्यासारखाच वाटला. ती वळून म्हणाली, "अहो, ती तिसरी तुमच्यापाशीच फिरतेय. इथपर्यंत पहिली आली." पहिली कोनो होती. मग थोडं थांबून, "पण तिच्यात वरचा एक स्वर आखूड आहे. लागतो आणि लगेच जातो." तो पहिल्या तारेचा नववा फ्रेट, सी शार्प. मीही ऐकला होता. कॉन्सर्ट गिटार म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. वाजवणाऱ्याच्या कानाशी किती मोठी, याला फार अर्थ नसतो. म्हणून दुकानात जाताना ऐकणारं माणूस बरोबर हवंच. एकटेच असाल तर दुकानदाराला वाजवायला सांगा, तो आनंदानं वाजवतो.

एका दुकानाचा अनुभव मात्र कडू. नाव लिहीत नाही. तिथं "हाकारांदा" अशी ठसठशीत चिठ्ठी लावलेली एक गिटार होती. ब्राझिलियन रोजवूडला जपानी गिटारवाले हाकारांदा म्हणतात, आणि हा शब्द दिसला की किंमत आपोआप चढते. चिठ्ठीवर दुरुस्तीच्या रकान्यात "नाही". सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम नखाएवढं, तरी सहावी तार साडेचार मिलिमीटर. तार वाकावी म्हणून ब्रिजची मागची भोकं कानशीनं खाली ओढलेली. आरशात पाहिलं तर एका पट्टीच्या बुडाला पांढऱ्या डिंकाचे ओघळ, चांगले ताजे. विचारलं तर उत्तर आलं, "दाइजोबु देस," काही अडचण नाही. साउंडहोलला नाक लावलं तर कुबट वास, म्हणजे कपाटात ओल धरलेली. गिटारीचा वास घ्यायला कुणी लाजू नये. बाहेरची पाठ हाकारांदा असेलही, पण बाहेरच्या आणि आतल्या रेषा कुठंच जुळत नव्हत्या, म्हणजे वरून पातळ पापुद्रा आणि आत दुसरंच लाकूड. मी आभार मानून ती परत टांगायला दिली.

हाकारांदाची गिटार अस्सल असली तरी भारतात न्यायची असेल तर माझं मत नको असंच आहे. ब्राझिलियन रोजवूड ११ जून १९९२पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. सीमा ओलांडताना कागद लागतात, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लाकडाचे कागद कुणाकडं असणार? शिसवीचं तसं नाही. २०१७च्या जानेवारीत सगळ्या रोजवूडवर निर्बंध आले तेव्हा थोडा गोंधळ होता, पण २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, पहिल्या परिशिष्टातली लाकडं सोडून. मी दुकानदाराकडून पावतीवरच टॉप स्प्रूस, पाठ इंडियन रोजवूड असं लिहून घेतलं. दोन ओळींचं काम, आणि त्यानं शिक्काही मारून दिला.

पॉलिशबद्दल थोडक्यात. लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश असेल तर उजवा हात टेकतो ती जागा बघा, घामानं तिथं ते मऊ होऊन उडतं. पण दुरुस्तीला ते सगळ्यात सोपं. रासायनिक लॅकर टिकतं, पण तडकलं की जुळवणं अवघड. काही जपानी गिटारींना काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं वार्निश असतं, किंचित तांबूस झाक, घट्ट आणि चिवट. कोकणातल्या माणसाला काजूची टरफलं हातावर काय करतात ते ठाऊक असतं. तेच तेल गिटारीवर इतकं गोड दिसतं याची गंमत वाटते.

हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या साखळी दुकानांत "जंक" म्हणून ठेवलेल्या गिटारीही बघून आलो. पाच-दहा हजार येनला नाव असलेलं लेबल दिसलं की हात शिवशिवतात. जंक म्हणजे वाजेल याची हमी नाही आणि परत घेणार नाही, हे ते स्वच्छ लिहून ठेवतात. स्वतःला चिकटवता, रंधता येत असेल तर खुशाल घ्या. ऑनलाइन लिलावातही "गेन्जो" म्हणजे आहे तशी, हा शब्द असेल तर तोच अर्थ. सॅडलचा जवळून काढलेला, बाजूचा फोटो मागा. तो पाठवायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

घासाघीस इथं करू नका. किंमत उतरत नाही आणि मगाशी सैल पडलेला चेहरा परत ताठ होतो. त्याऐवजी काम मागा. कोनोची चिठ्ठी होती एक लाख पासष्ट हजारांची. मी विचारलं, फ्रेटचे खळगे आहेत, काय करता येईल? दुकानाच्या दुरुस्ती विभागातला माणूस खाली आला, त्यानं भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, आत्ता नुसते समतल करून देतो, दोन-तीन वर्षांनी पहिले पाच बदला, सगळे बदलायची गरज नाही. समतल करणं, नव्या तारा आणि चांगली कडक पेटी एवढं त्यांनी त्याच किमतीत बसवलं. सगळे फ्रेट बदलले तर पन्नास हजारांच्या आसपास जातील असंही त्यानं न विचारता सांगितलं. विकायच्या घाईत असला माणूस दुर्मिळ, म्हणून त्या दुकानाला माझे पूर्ण गुण.

वेगळे पैसे देऊन केलं ते एकच काम. गिटार सांगलीला जाणार, आणि तिथं मे महिन्यातली हवा आणि जुलैतली हवा यांचा एकमेकींशी संबंध नसतो. पावसाळ्यात टॉप फुगून वर येतो, तारा उंच होतात. उन्हाळ्यात तो बसतो आणि तारा फ्रेटवर वाजायला लागतात. म्हणून त्याच माणसाकडून हाडाची दोन सॅडल करून घेतली, एक दुसऱ्यापेक्षा पाऊण मिलिमीटर ठेंगणं. क्लासिकल गिटारीचं सॅडल नुसतं खाचेत बसवलेलं असतं, तारा सैल केल्या की हातानं निघतं. सॅडल ३ मिमी उंच असल्याचा हा फायदा, हे दोन हवामानांचे लाड परवडतात. बुडाला पेन्सिलीनं "पाऊस" आणि "ऊन" असं लिहून दिलंय. पेटीत आर्द्रतेचा काटा टाकलाय, तो ४५ ते ५५च्या मध्ये राहील असं बघायला मुलीला सांगितलंय.

मित्रानं फोनवर पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "अरे, नंबर दहाच का? तीस नव्हती का?" होती, बजेटच्या थोडी वर, आणि चकाकत होती. तिचं सॅडल मोजून झाल्यावर मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नाही.